रेफरल, वशिला आणि गुंटूरची कचेरी

गेल्या दिवाळीत कुरुंदवाडला गेलो होतो. जेवणं उरकून सोप्यात बसलो होतो, तेवढ्यात मामांनी मोबाईलवर एक क्लिप लावून माझ्यापुढे धरली. कुठल्याशा सभेत एक पुढारी बोलत होता. त्याच्या पक्षाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हे भाषण कुठल्याही पक्षाचा माणूस करू शकला असता. विषय होता इचलकरंजीत मागावर कामाला येणाऱ्या यूपी-बिहारच्या पोरांचा. हे लोक येतात, पैसे चारून रेशनकार्डं काढतात, दाखले काढतात, आपल्या कचेऱ्यांना खायची सवय यांनीच लावली, असा एकूण सूर. टाळ्या भरपूर पडत होत्या.

"सांग, खोटं बोलतोय का त्यो?" मामा म्हणाले. "आधी हितं असलं काय हुतं?"

मी काही बोललो नाही. एक तर मामांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि दुसरं म्हणजे, गावी निघायच्या आधीच मी एक पुस्तक वाचून संपवलं होतं. बाहेरून आलेल्या लोकांनी कचेऱ्या नासवल्या, हाच आरोप त्या पुस्तकभर होता. फक्त त्यातली बाहेरची माणसं मराठी होती.

ते पुस्तक हातात आलं ते एका चेष्टेमुळे. मी बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा द्यायचं विधेयक मंजूर केलं, आणि उद्योगांनी आरडाओरडा केल्यावर एक-दोन दिवसांत ते थांबवलं. त्या दिवसांत आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मी बाहेरचा म्हणून जरा जास्तच तावातावाने बोलत होतो. तेव्हा गुंटूरचा एक सहकारी हसत म्हणाला, "तू कशाला बोलतोस? तुमच्या लोकांनी आमचा अख्खा जिल्हा खाल्ला होता." मला वाटलं, पेंढारी वगैरे म्हणतोय. पण तो म्हणत होता कारकुनांबद्दल.

पुस्तक रॉबर्ट फ्रायकेनबर्ग या अमेरिकी इतिहासकाराचं, १९६५ सालचं. १७८८ ते १८४८ या साठ वर्षांतला गुंटूर जिल्हा हा त्याचा विषय. १७८८ मध्ये गुंटूर ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. मद्रासहून कलेक्टर नेमला गेला, तो इंग्रज. त्याला तेलुगू येत नाही, गावचे हिशेब कळत नाहीत, आणि बदली कधी होईल याचा नेम नाही. त्याची हुजूर कचेरी ज्यांच्या हातात होती, ते शिरस्तेदार आणि त्यांच्या हाताखालचे लोक बहुतांशी देशस्थ ब्राह्मण होते. घरी मराठी बोलणारे, जमाखर्च मराठीत लिहिणारे.

तेलुगू मुलखात मराठी हिशेब कसे, हा प्रश्न मलाही पडला. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या काळापासून वसुलीचे कागद सांभाळणारी ही घराणी दक्षिणेत पसरत गेली होती. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, त्यांच्यासोबत कारकून आले. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, तिथे आणखी आले. राज्यं बदलली तरी वसुलीचं ज्ञान याच लोकांकडे राहिलं. कंपनीने मुलूख घेतला तेव्हा कागद वाचू शकणारी माणसंही कागदांसोबतच घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रास इलाख्याच्या कितीतरी कचेऱ्यांत मराठी ही कामकाजाची भाषा होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडून सारा घ्यायचा तो तेलुगू, ज्याच्या नावाने घ्यायचा तो इंग्रज, आणि मधला कागद मराठी. दोघांनाही न वाचता येणारा.

पुढचं ओळखता येईल. शिरस्तेदाराने पुतण्याला आणलं, पुतण्याने मेहुण्याला. तालुक्याच्या कचेरीत एक नातेवाईक, हुजूर कचेरीत दुसरा. कलेक्टरसमोर जाणारा प्रत्येक अर्ज त्यांच्या हातून जायचा. पीक किती, सूट किती, बाकी किती, हे आकडे तेच लिहिणार, तेच तपासणार. १८३२-३३ च्या दुष्काळात गुंटूरच्या सुमारे पाच लाख वस्तीतली दीड ते दोन लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यानंतरची कित्येक वर्षं वसुलीचा मेळ लागेना. शेवटी वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं, आणि १८४६ च्या त्याच्या अहवालात सगळी साखळी बाहेर आली.

म्हणजे आरोप खरा होता. हे मला आधी मान्य करावं लागलं. आपल्या लोकांवर झालेला आरोप म्हटल्यावर मी तो खोटा निघेल या आशेने पानं उलटत होतो, तसं झालं नाही. पैसे खाल्ले गेले होते आणि खाणाऱ्यांत मराठी घराणी ठळक होती.

पण पुस्तकाचा खरा मुद्दा मला नंतर कळला. साखळी एकट्या कारकुनांची नव्हती. गावागावांतले वजनदार तेलुगू लोक तिच्यात होते, कारण जमिनीचा आकार कमी दाखवला की फायदा त्यांचाही व्हायचा. कचेरीकडे वर्षानुवर्षं न बघणारे इंग्रज कलेक्टर होते. कारकून परका होता म्हणून ते शक्य झालं असं म्हणावं, तर गावचा पुढारी तिथलाच होता. शक्य झालं ते एका गोष्टीमुळे. आकडा लिहिणारा आणि आकडा तपासणारा एकाच घरात जेवत होता. आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे. कोड लिहिणाऱ्यानेच तो मंजूर करायचा नाही. गुंटूरमध्ये साठ वर्षं तो नियम नव्हता.

आता एक कबुली. मी ही नोकरी कशी मिळवली? कॉलेजमधला दोन वर्षं पुढचा एक सीनियर या कंपनीत होता, त्याने माझा सीव्ही आत दिला. मी लागल्यावर त्याला कंपनीने पैसे दिले. मग मी दोघांचे सीव्ही दिले, एक जयसिंगपूरचा, एक मिरजेचा. मलाही पैसे मिळाले. अकरा जणांच्या आमच्या टीममध्ये आज चौघं सांगली-कोल्हापूरकडचे आहेत. आम्ही याला रेफरल म्हणतो, एचआर महिन्याला मेल पाठवून अजून माणसं सुचवा म्हणतं. बाहेरून बघणाऱ्या कन्नड मुलाला यात काय दिसत असेल? त्याच्याकडे यासाठी शब्द आहे, आपल्याकडेही आहे. वशिला.

आम्ही कुणी काही खाल्लेलं नाही. ओळखीचा माणूस फसवणार नाही, काम येतं की नाही हे माहीत असतं, भाषेची अडचण नसते, एवढाच हिशेब. मला वाटतं, गुंटूरच्या पहिल्या शिरस्तेदाराचाही तेवढाच असणार. घोळका जमतो तो आधी भरवशामुळे. त्याच्या हातात बिनतपासणीची सत्ता आली की पुढचं होतं.

मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डाने यावर जो उपाय काढला तो मला अजूनही शहाणपणाचा वाटतो. १८५४ च्या स्थायी आदेशात कलेक्टरांना सांगितलं गेलं, की जिल्ह्यातल्या नेमणुका मोजक्या वजनदार घराण्यांच्या हातात जाऊ देऊ नका, त्या प्रमुख जातींमध्ये वाटा. पुढे १९२१ मध्ये जस्टिस पक्षाच्या सरकारने सरकारी नोकऱ्यांत सर्व समाजांना वाटा देणारा हुकूम काढला, तेव्हा या जुन्या आदेशाचा दाखला होता. आदेशात रोख घराण्यांच्या मक्तेदारीवर आहे. अमुक लोक स्वभावाने लबाड, असं म्हटल्याशिवाय काम भागलं.

पुढाऱ्याचं काम मात्र त्याने भागत नाही. ते कसं, हे त्रावणकोरमध्ये दिसतं.

त्रावणकोर संस्थानात दिवाण आणि वरचे अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून येत. बहुतेक तमिळ ब्राह्मण, आणि बरेच तंजावरकडचे मराठी. सर टी. माधवराव यांचं नाव आपल्याला बडोद्यामुळे ठाऊक असतं. सयाजीराव लहान असताना कारभार त्यांनी पाहिला. त्याआधी ते त्रावणकोरचे दिवाण होते आणि त्यांचे वडील आणि चुलतेही त्याच गादीवर बसून गेले होते. या सगळ्यांना तिथे एक शब्द होता, परदेशी ब्राह्मण. १८८० च्या दशकात जी. परमेश्वरन पिल्लै नावाच्या कॉलेजच्या मुलाने वर्तमानपत्रात तेव्हाचे दिवाण रामय्यंगार यांच्या कारभारावर टीका केली. त्याला कॉलेजमधून काढून टाकलं. तो मद्रासला गेला, पत्रकार झाला, काँग्रेसमध्ये नाव काढलं, आणि १ जानेवारी १८९१ ला महाराजांपुढे जो मल्याळी मेमोरियल ठेवला गेला त्याच्या आघाडीवर होता. सह्या १०,०२८. मागणी अशी, की शिकलेले मल्याळी घरी बसलेत आणि नोकऱ्या परदेश्यांनी बळकावल्यात, आता त्रावणकोर त्रावणकोरच्या लोकांना द्या.

त्या वेळी दिवाण होते टी. रामराव. तंजावरी मराठी घराण्यातले, पण जन्म त्रिवेंद्रमचा. तरी परदेशीच.

या अर्जातही खरं होतंच. पण त्यावर तिसरी सही ज्याची होती त्याची गोष्ट बघा. डॉ. पल्पू, एळवा जातीचे, मद्रासहून डॉक्टरीची पदवी घेतलेले. एळवांना त्रावणकोरच्या सरकारी नोकरीत घेत नसत, म्हणून यांनाही घेतलं नाही. मेमोरियलमुळे जी दारं थोडी उघडली ती मुख्यतः नायरांसाठी उघडली. पाच वर्षांनी, १८९६ मध्ये, पल्पूंना एळवांचा वेगळा अर्ज द्यावा लागला, १३,१७६ सह्यांचा. परदेशी हटाव म्हणताना 'आपले' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. पल्पूंना स्वतःच्या मुलखात नोकरी मिळाली नाही ती नाहीच. त्यांनी म्हैसूर संस्थानात धरली. १८९८ ला बंगळूरमध्ये प्लेग आला तेव्हा ते इथे काम करत होते. या शहरातले बाहेरचे.

मी राहतो तिथून जुनं पेठ बंगळूर फार लांब नाही. ऑफिसातून येताना कधी तिकडून येतो, तेव्हा त्यांची आठवण होते.

यानंतरचं मुंबईचं प्रकरण वाचकांना पाठ असेल, म्हणून थोडक्यात. १९६० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी 'मार्मिक' सुरू केलं. काही वर्षांनी त्यात कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. टेलिफोन डिरेक्टरी आणि कंपन्यांच्या कागदांतून काढलेली नावं, बहुतेक दाक्षिणात्य. वर मथळा, 'वाचा आणि थंड बसा'. हे लोक आपलीच माणसं भरतात, हा आरोप. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी बोलणारे सुमारे ४३ टक्के होते, आणि वरच्या खुर्च्यांवर ते दिसत नव्हते. मराठी तरुणांची तक्रार पोकळ नव्हती. पण १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला, आणि मेळाव्यानंतर दगड पडले ते उडपी हॉटेलांवर. डोसे करणाऱ्या माणसाने कुणाची नेमणूक केली होती?

यादी हा प्रकार मला धंद्यामुळे जवळचा आहे. आडनावांची यादी कोण बसलंय ते सांगते. तो तिथे कसा आला, त्याने काय केलं, त्याच्यावर सही कुणाची, हे तिच्यात कुठेच नसतं. लोक मात्र यादी वाचून हे सगळं कळलं असं समजून उठतात. 'मार्मिक'ची कल्पना हुशारीची होती ती यासाठीच, की तिच्यात एकही खोटं नाव घालावं लागलं नाही.

आता कुरुंदवाड. आमच्या गावात परका कोण, हे ठरवायला बसलं तर सकाळची संध्याकाळ होईल. नदीकाठी संताजी घोरपडे यांची समाधी आहे. या संताजींच्या पदरी नारो महादेव जोशी नावाचा कोकणातला ब्राह्मण मुलगा होता. तो इतका मर्जीतला झाला की त्याने घोरपडे हे आडनावच घेतलं. त्यातून इचलकरंजीचं घराणं झालं. त्या घराण्याचे कुलोपाध्याय म्हणून रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन घाट चढून आले. नारो महादेवांच्या मुलाचं लग्न बाळाजी विश्वनाथांच्या मुलीशी, अनुबाईंशी झालं आणि पटवर्धनांच्या मुलांना पेशव्यांचं दार उघडलं. त्यांना जहागिरी मिळाल्या, त्यातली एक कुरुंदवाड. १८५४ मध्ये तिच्याही दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. म्हणजे समाधीपासून वाड्यापर्यंत ही सरळ रेफरलची साखळी आहे. यातले बरेच जण तलवार मारून मोठे झाले हेही खरं, पण आत आले ते कुणाच्या तरी ओळखीने.

या कोकणातून आलेल्यांवर तोच आरोप पुढे झाला. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त १८७३ मध्ये ब्राह्मण इराणातून आले असं मांडलं, आणि १८८३ पर्यंत लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी खात्यांतले ब्राह्मण कामगार शेतकऱ्याला कसे नागवतात ते सांगितलं. मला यातला दुसरा फुले फार मोठा वाटतो. कागद कुणाच्या हातात, शेतकऱ्याला काय वाचता येत नाही, कुठे अडवलं जातं, हे त्यांनी इलियटच्या तोडीचं पकडलंय. इराणची गोष्ट काढून टाकली तरी 'असूड'मधलं एकही वाक्य कमजोर होत नाही.

शाहू महाराजांनी ती जवळपास काढूनच टाकली असं मला वाटतं. १८९४ मध्ये ते गादीवर आले तेव्हा कोल्हापूरच्या कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. तेही भाषणात कडक बोलत, पण त्यांनी केलं काय? २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा हुकूम काढला, आणि कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्यांचं. कागद वाचता येणारी माणसं वाढवली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस या वसतिगृहांतून निघालाय.

आणि १९४८ मध्ये काय झालं तेही आमच्याच भागातलं. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, खुनी चित्पावन निघाला. मग कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, सांगलीकडे पटवर्धनी मुलखात घरं आणि कारखाने जळाले. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी आडनावांची यादी आधीच तयार होती, सत्तर-ऐंशी वर्षं तोंडी चालत आलेली. ८ मार्चला कुरुंदवाड संस्थान विलीन झालं. माझी आजी तेव्हा लहान होती. तिला विलीनीकरणाचं काही आठवत नसे, रात्री लांबून दिसलेला जाळ आठवे. "कुणाचं घर म्हणून इचारलं तर आई बोल्ली न्हाई," एवढंच सांगायची.

मामांना यातलं काय काय सांगावं, याचा मी विचार करत बसलो. गुंटूर सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? शेवटी एकच विचारलं. "मामा, दोन वर्षांमागं जमिनीच्या कागदावर नाव लावायला किती दिले होते तुम्ही?"

मामांनी क्लिप बंद केली. आकडा मला माहीत होता, कारण निम्मे मीच पाठवले होते. घेणारा कुठला, तेही माहीत होतं. नदीपलीकडचा, मामांच्या वर्गातल्याचा धाकटा भाऊ.

"त्येची गोष्ट निराळी हाय," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "आपला म्हणून कमी घेटलं त्यानं."